चढ लागला की बायकांनी उतरायचं

अप्पांचं सहस्रचंद्रदर्शन काल थाटात पार पडलं. हजार पौर्णिमा पाहून झालेल्या माणसाने जरा मवाळ व्हावं अशी घरच्यांची माफक अपेक्षा असते. पण विंग कमांडर रामकृष्ण बिवलकर आज सकाळी चहाच्याही आधी मोजपट्टी घेऊन पोर्चमध्ये हजर होते आणि नीलिमाच्या गाडीची लांबीरुंदी घेत होते. गळ्यात कालचा हार नव्हता एवढंच, बाकी थाट तोच.

नीलिमा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती आणि पोहे परतत होती. मोजा म्हणावं. गाडी काय रात्रीत वाढणार आहे थोडीच.

अप्पांच्या गुडघ्यांसाठी घराला लिफ्ट बसवायची ठरली होती. सासूबाईंचे, म्हणजे चारुशीलाबाईंचे गुडघे अप्पांच्या कितीतरी आधी गेले होते. वर्षानुवर्षं त्या कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या, पण तेव्हा घराला लिफ्ट हवी हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. असो. लिफ्टवाल्या इंजिनियरने दोन जागा दाखवल्या, एक पोर्च आणि एक गॅरेज. दोन्हीकडून वर जाता येत होतं. गॅरेजमध्ये अप्पांची कॉन्टेसा उभी असायची आणि पोर्चमध्ये नानांची, म्हणजे नीलिमाच्या वडिलांची पद्मिनी. बाहेर चंदीगडच्या रस्त्यावर सेक्टरभरच्या गाड्यांनी अशी दाटी केलेली की तिथे सायकलसुद्धा लावता येत नव्हती. तेव्हा लिफ्ट जिथे बसेल तिथली गाडी जाणार, हे उघड होतं. आणि कुठली जाणार हेही उघड होतं, कारण जवळच्या मनीमाजऱ्याच्या भंगारवाल्याला अप्पांनी परस्पर सोमवारी बोलावून ठेवलं होतं.

नीलिमाला हे कळलं तेही मोलकरणीकडून. नवऱ्याला, सुरेशला, आधीच माहीत होतं. तो म्हणाला, मी सांगणारच होतो. लग्न झाल्यापासून सुरेश सगळं सांगणारच असायचा.

नाना पाटण तालुक्यात गुरांचे डॉक्टर होते. कोयनेच्या बाजूच्या डोंगरात, जिथे एसटी जायला कुरकुर करायची, तिथे ते ही पद्मिनी घेऊन जायचे. मागच्या सीटवर कधी आजारी वासरू, कधी औषधांच्या पेट्या, कधी नीलिमा आणि तिची भावंडं. ते गेल्यावर भावाने गाडी विकायला काढली तेव्हा नीलिमाने ती मागून घेतली आणि ट्रकवर घालून चंदीगडला आणली. ती रोज तीच घेऊन मनीमाजऱ्याच्या शाळेत शिकवायला जायची. सासरी गाडीचं नाव पडलं होतं 'गोठा'. नाव ठेवलं धाकट्या दिराने, शुभंकरने, आणि अप्पा इतके हसले की ते कायमचं झालं.

शुभंकर पुण्याहून आला होता. तो तिथल्या जुन्या गाड्यांच्या कुठल्याशा मंडळाचा सभासद होता, आणि रविवारी गाड्या घेऊन लवासाच्या बाजूला जाऊन वडापाव खायचा, याला तो छंद म्हणत असे. न्यायाची कल्पना त्याचीच. काल पाहुण्यांसमोर त्याने जाहीर केलं की उगाच वहिनींच्या मनात राहायला नको, दोन्ही गाड्यांची रीतसर तुलना करू. आज सगळ्यांना जेवायला ब्रिगेडियर ग्रेवालांच्या फार्महाउसवर जायचंच आहे, तर दोन्ही गाड्या घेऊन जाऊ आणि जी सरस ठरेल ती राहील. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नीलिमाला या न्यायाची जात ठाऊक होती. निकाल आधी लागतो आणि खटला नंतर चालतो.

पोहे खाताखाता शुभंकरने तुलना सुरू केलीच. कॉन्टेसाचं दार लागलं की बँकेची तिजोरी लागल्यासारखं वाटतं, पद्मिनीचं लागलं की पेढ्यांच्या डब्याचं झाकण. कॉन्टेसात पाय पसरून बसता येतं, पद्मिनीत गुडघे हनुवटीला लागतात. कॉन्टेसाचा गिअर खाली हातापाशी, पद्मिनीचा स्टिअरिंगला लटकलेला. दोघींमध्ये साम्य एकच, तो म्हणाला, दोन्ही मागच्या चाकांवर चालतात. हल्लीच्या गाड्यांना पुढची चाकं ओढून नेतात, या दोघींना मागची चाकं ढकलतात. हे तो इतक्या अभिमानाने सांगत होता की जणू काही मागे तो स्वतःच उभा राहून ढकलत असे.

"पण तेवढं एक साम्य असलं म्हणून घोडा आणि म्हैस एक होत नाहीत," अप्पा म्हणाले.

सगळे हसले. सुरेशही हसला, फक्त आवाज न करता. नीलिमाने त्याच्या बशीत पोहे वाढले नाहीत.

खरं सांगायचं तर कॉन्टेसा गेली काही वर्षं दसऱ्याला झेंडूची माळ घालून गेटपर्यंत जायची आणि पूजा झाली की परत आत यायची. तिच्यात बसून खायचं नाही, तिच्यात ओली छत्री न्यायची नाही, तिचं दार अप्पांशिवाय कुणी लावायचं नाही. अप्पांनी हवाई दलात सगळी नोकरी स्टोअर्स सांभाळण्यात काढली, विमान काही चालवलं नाही. पण कॉन्टेसाच्या पुढच्या सीटवर बसले की ते अशा सूचना द्यायचे की वाटावं आता ही सुखना तलावावरून झेपावणार.

निघताना शुभंकरने ठरवलं की पद्मिनी सुरेशदादाने चालवायची. वहिनी मालकीण, म्हणजे त्या निष्पक्ष नाहीत. सुरेश डेराबस्सीच्या औषध कारखान्यात कंपनीच्या बसने जायचा, त्याने स्टिअरिंगवरचा गिअर शेवटचा कधी टाकला होता देव जाणे.  नीलिमा मुलीला, आर्याला, घेऊन मागे बसली. कॉन्टेसात शुभंकर गाडी चालवायला, अप्पा पुढे, आणि मागे सासूबाई आणि शुभंकरची बायको लीना. लीनाने नवीकोरी पश्मिना शाल घेतली होती. ग्रेवालांकडे न्यायचे श्रीखंडाचे आणि पुरणपोळ्यांचे डबे कॉन्टेसाच्या डिकीत गेले, कारण गोठ्यात अन्न ठेवायचं नसतं.

पीजीआयचं हॉस्पिटल मागे टाकून गाड्या नयागावच्या बाजूला लागल्या. दोन दिवस फेब्रुवारीतला पाऊस झोडपून गेला होता आणि शिवालिकच्या टेकड्या धुतल्यासारख्या दिसत होत्या. सुरेश चौथ्याच्या जागी दुसरा गिअर टाकत होता आणि प्रत्येक वेळी गाडीला दोष देत होता. आर्या कानात म्हणाली, "मम्मा, पापा तो इसको मार ही देंगे." नीलिमाने तिचा हात दाबला. गप्प बस, अजून वेळ आहे.

ग्रेवालांचं फार्महाउस टेकडीच्या माथ्यावर होतं. डांबरी रस्ता खाली फाटकाशी संपायचा आणि तिथून घरापर्यंत लाल मातीचा कच्चा चढ होता, तोही पावसाने निसरडा झालेला. ब्रिगेडियरसाहेब वरून ओरडले की गाड्या खालीच ठेवा, ट्रॅक्टर पाठवतो. अप्पांनी हात हलवून नकार दिला. ट्रॅक्टरमधून जेवायला जाणारा माणूस वेगळा.

मग त्यांनी काच खाली केली आणि हुकूम सोडला.

"लेडीज, उतरा."

हा बिवलकरांचा कुळाचार होता. चढ लागला की बायकांनी उतरायचं, म्हणजे गाडी हलकी होते. दरवर्षी मे महिन्यात सगळे कसौलीला जायचे तेव्हा प्रत्येक अवघड वळणावर हा हुकूम सुटायचा. बायका पदर खोचून, हातात पाण्याच्या बाटल्या आणि कडेवर पोरं घेऊन उन्हात चढायच्या आणि पुरुष वर पोचून गाडीला टेकून म्हणायचे, किती वेळ. नीलिमाने नव्या नवरीच्या भाबडेपणाने एकदा सांगून पाहिलं होतं, की अप्पा, या गाडीला मागची चाकं ढकलतात, मागची माणसं उतरवली तर चाकांवर भार राहत नाही, ती जागच्या जागी फिरतात. आमचे नाना तर चढावर मुद्दाम आम्हाला मागे बसवतात. अप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, हे म्हशींच्या कॉलेजात शिकवतात का? त्यानंतर ती बोलली नाही. बोलून काय, पुन्हा म्हशीच निघाल्या असत्या.

आत्ताही सासूबाईंनी सवयीने दार उघडलं आणि गुडघ्यावर हात ठेवून चिखलात पाय टाकला. लीना शाल वर धरून उतरली. शुभंकरने गाडी चढाला लावली. अर्ध्यावर मागची चाकं फिरायला लागली. त्याने आणखी जोर दिला, चाकं आणखी फिरली आणि मागे उभ्या असलेल्या लीनाच्या पश्मिन्यावर लाल चिखलाचा सडा पडला. पुरती न्हाऊन निघाली बिचारी.

"अजून वजन कमी करा," अप्पा म्हणाले. "डिकी रिकामी करा."

आणि खरंच डबे काढले. सुरेश आपणहून धावत गेला मदतीला. श्रीखंड, पुरणपोळ्या, स्टेपनी, सगळं बाहेर काढून गवतावर मांडलं. मागच्या चाकांवर जो काय थोडा भार होता तोही या शहाण्यांनी उतरवून ठेवला. सकाळी पोहे खाताना ज्याने मागची चाकं ढकलतात म्हणून व्याख्यान दिलं होतं, तोच स्टेपनी उचलताना सगळ्यात पुढे होता. नीलिमाला हसू आवरेना. तिने तोंडाला पदर लावला, आणि सासूबाईंना वाटलं ती रडते आहे.

पुन्हा गाडी चढाला लागली. या वेळी ती अर्ध्यावरसुद्धा पोचली नाही. शुभंकरने पाय असा दाबला की मागचा भाग बाजूला घसरला आणि कॉन्टेसा पाण्याच्या चरात एक चाक घालून तिरकी बसली. बसली ती बसलीच. अप्पा आत होते. त्यांना उतरवायला दोघं लागली.

मग पद्मिनीची पाळी. सुरेश पुन्हा तिच्या स्टिअरिंगवर जाऊन बसला होता. अप्पा चिखलात उभे राहून म्हणाले की आता या डब्याचा प्रश्नच येत नाही, जिथे कॉन्टेसा चढली नाही तिथे हा गोठा काय चढणार, तुलना संपली. शुभंकर म्हणाला, निकाल बरोबरीचा धरू, आणि बरोबरी असेल तर प्रतिष्ठा बघायची. म्हणजे सोमवारी भंगारवाला येणार तो येणारच. नीलिमाच्या डोळ्यांसमोर पोर्चमध्ये दोराने ओढली जाणारी नानांची गाडी उभी राहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने जाऊन ड्रायव्हरचं दार उघडलं.

"अहो, उतरा आणि मागे बसा," ती सुरेशला म्हणाली.

"अगं पण अप्पा म्हणतात..."

"मागे बसा."

तो बसला. आर्याला तिने त्याच्या शेजारी बसवलं. गवतावरचे सगळे डबे आणि कॉन्टेसाची स्टेपनीसुद्धा पद्मिनीच्या डिकीत भरली. मग ती सासूबाईंपाशी गेली. त्यांनी साडी वर खोचून चालायला सुरुवातही केली होती.

"आई, तुम्हीही बसा. मागे."

"अगं, चढ आहे ना."

"चढ आहे म्हणूनच."

चारुशीलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग काही न विचारता आत गेल्या आणि नातीच्या शेजारी टेकल्या. नीलिमाने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली. पायाखाली कोंबडीचं पिल्लू आहे असं समज, नाना म्हणायचे. तिने तसंच समजून पाय हलका ठेवला. गाडी जराशी थरथरली, एकदा डावीकडे सरकली, आणि मग घाट चढणाऱ्या बैलजोडीसारखी मान खाली घालून सावकाश वर निघाली. कुठे थांबली नाही, कुठे घसरली नाही. माथ्यावर ब्रिगेडियरसाहेबांनी टाळी वाजवली आणि "ओ बल्ले" म्हणाले. आर्याने आईच्या मानेला मागून मिठी मारली. नीलिमाचे डोळे भरून आले आणि या वेळी तिने पदर लावला नाही.

खाली अप्पा उभे होते. ब्रिगेडियर पुन्हा ट्रॅक्टर म्हणाले, अप्पा पुन्हा नको म्हणाले. नीलिमाने गाडी परत खाली नेऊन त्यांना आणायची तयारी दाखवली, तर तेही नको. मग हजार पौर्णिमा पाहिलेले विंग कमांडर शुभंकरच्या खांद्याला धरून, पॅन्ट वर खोचून, तो निसरडा चढ पायी चढायला लागले. दर चार पावलांनी थांबत होते. चारुशीलाबाई गाडीतून उतरल्या नव्हत्या. काच खाली करून बघत होत्या.

"किती वेळ," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

जेवणं झाली. छोले, मक्याची रोटी, आणि आपलं श्रीखंड. अप्पांनी पायांवर गरम पाण्याची पिशवी ठेवून घेतली होती आणि निकाल द्यायला घेतला होता. वजन घालून चढवणं ही चलाखी झाली, ते म्हणाले, तुलनेत बसत नाही. शुभंकरने मान डोलावली. नियमात कुठेही मागे माणसं भरायचं नव्हतं. लीना एका कोपऱ्यात ओल्या रुमालाने शाल पुसत होती. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, नियमात मागे उभं राहून चिखल खायचंही नव्हतं. आजवर ती शुभंकरच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. पश्मिना मात्र तिच्या माहेरचा होता.

"नीलिमा," सासूबाई म्हणाल्या, "तुझे नाना नेहमी असंच करायचे?"

"हो आई. चढ आला की आम्हा पोरांना मागे कोंबायचे. पोरं नसली तर पेंडीचं पोतं."

"आणि मागची माणसं उतरवली तर?"

"तर चाकं फिरत राहतात. आत्ता फिरली तशी."

चारुशीलाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. त्यांनी अप्पांकडे बघितलं ते असं की पिशवीतलं पाणी थंड व्हावं.

"म्हणजे कसौलीला मी सुरेशच्या वेळी पोटुशी असताना चालले, शुभंकर कडेवर असताना चालले, पाय सुजलेले असताना चालले. ते गाडीला मदत म्हणून नव्हतंच. उलट गाडीला त्रासच होत होता माझ्या चालण्याचा."

अप्पा म्हणाले, तेव्हाचे रस्ते वेगळे होते.

"रस्ते वेगळे असतील. माझे गुडघे हेच होते."

 ब्रिगेडियरांना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी रोटीची टोपली बाजूला सारली. नीलिमा खाली मान घालून बसली होती. इतकी वर्षं तिला राग फक्त म्हशींवरून केलेल्या थट्टेचा होता. या बाईचे गुडघे त्या थट्टेत गेले, हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"लिफ्ट गॅरेजमध्ये बसवायची," चारुशीलाबाई म्हणाल्या.

"आणि कॉन्टेसा?" अप्पांनी विचारलं.

"सोमवारी येणारच आहे ना तो मनीमाजऱ्याचा माणूस. त्याला रिकाम्या हाताने कशाला पाठवायचं."

शुभंकर काहीतरी बोलायला लागला, वारसा की इतिहास असलं काहीतरी. तेव्हा सुरेश खाकरला आणि म्हणाला की आई म्हणते ते बरोबरच आहे, तो हे सांगणारच होता. नीलिमाने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वारा फिरला की हा फिरायचाच.

अप्पांनी एकदा बायकोकडे, एकदा धाकट्या मुलाकडे पाहिलं. काही म्हणाले नाहीत. हो म्हणायची त्यांना सवय नव्हती, तेव्हा न बोलणं म्हणजेच हो, हे त्या घरात सगळ्यांना कळत होतं.

चारला निघायची वेळ झाली. कॉन्टेसा अजून चरात तिरकी पडली होती. ब्रिगेडियरांचा ट्रॅक्टर जेवणाच्या वेळी गावात गेला होता आणि तिला ओढायला तो उद्याच मिळणार होता, म्हणून शुभंकर तिच्याजवळ राहिला आणि लीनाही राहिली, पण त्याच्याशी बोलत नव्हती. उरलेले सगळे पद्मिनीत बसायचे होते. नीलिमा ड्रायव्हरच्या जागी बसली. सुरेश आणि आर्या मागे गेले. अप्पा काठी टेकत आले आणि सवयीप्रमाणे पुढच्या दाराशी उभे राहून दार उघडायची वाट बघायला लागले.

दार आतून बंद होतं. पुढच्या सीटवर चारुशीलाबाई बसल्या होत्या. हातातली पर्स मांडीवर ठेवून, पाय समोर लांब करून, आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या काचेतून रस्ता बघत. त्यांनी काच खाली केली.

"अहो, तुम्ही मागे बसा," त्या म्हणाल्या. "हिला मागे वजन लागतं."

 अप्पांनी मागचं दार उघडलं आणि सुरेशला आत सरकायला लावून, गुडघे हनुवटीशी घेऊन बसले.

आता खाली उतारच होता. उताराला मागे वजन असलं काय आणि नसलं काय. नीलिमाला ते चांगलं माहीत होतं.  आई नीट बसल्या आहेत ना हे बघितलं आणि तिने गाडी सुरू केली.